फोनमधल्या बटणांमागची कल्पना देणारा क्रिस्टन न्यूगोर पुढं कामगारांच्या बाजूनं का उभा राहिला?

एखादं रील आवडलं की तुम्ही स्क्रीनवर दोनदा टॅप करता. बदाम लाल होतो, लाईकचा आकडा एकानं वाढतो आणि ज्यानं ते रील टाकलंय त्याच्या फोनवर नोटिफिकेशन जातं. सगळं पापणी लवायच्या आत.

आता यातली गंमत बघा. स्क्रीनवर दिसणारं बटण, आकडा, यादी, फोटोची चौकट, या सगळ्या प्रोग्रॅमच्या आत वेगवेगळ्या वस्तू असतात. त्यांना ऑब्जेक्ट म्हणतात. बटणाचं काम एवढंच की आपल्याला कुणीतरी दाबलंय, ही खबर देणं. ती खबर कोण ऐकतंय आणि ऐकून काय करतंय, याच्याशी बटणाला काही देणंघेणं नसतं.

घरातल्या कुकरसारखंच. कुकर फक्त शिट्टी देतो. ती ऐकून गॅस आई बंद करते, बाबा करतात की आजी, हे कुकरला माहीत नसतं. उद्या स्वयंपाकघरात दुसरं कुणी उभं राहिलं म्हणून कुकर बदलावा लागत नाही आणि कुकर नवा आणला म्हणून माणूस बदलावा लागत नाही. दोघांमध्ये नातं फक्त शिट्टीचं.

कॉम्प्युटरच्या भाषेत या शिट्टीला इव्हेंट म्हणतात. मोबाईल असो, लॅपटॉप असो की एटीएमचा स्क्रीन, जिथं बटणं आणि खिडक्या दिसतात तिथं थोड्याफार फरकानं हीच पद्धत चालते.

पण प्रोग्रॅम म्हणजे आपापलं काम करणाऱ्या, आपापली माहिती स्वतःजवळ ठेवणाऱ्या वस्तूंचा समूह, हे मुळात सुचलं कुणाला? त्यासाठी १९६० च्या दशकातल्या नॉर्वेत जावं लागतं. तिथं ओस्लो शहरात दोघांनी मिळून ही कल्पना कागदावर आणली. एक ओले-योहान डाल आणि दुसरा क्रिस्टन न्यूगोर.

ही गोष्ट न्यूगोरची आहे. कारण भाषा बनवून तो थांबला नाही. आपण बनवलेलं हत्यार कुणाच्या हातात जातंय हे त्याला दिसलं आणि तिथून त्याच्या आयुष्याची दिशाच बदलली.

भट्टी अणूची, आकडेमोड हातानं

न्यूगोरचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ चा, ओस्लोचा. ओढा गणिताकडं होता. १९४८ साली सक्तीच्या लष्करी सेवेसाठी तो दाखल झाला, पण त्याच्या हातात बंदूक येण्याऐवजी पेन्सिल आली. त्याची नेमणूक झाली होती नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत, तीही गणित विभागात.

त्या काळात नॉर्वे आपली पहिली अणुभट्टी उभारत होता. ओस्लोजवळच्या शेलर इथली ही भट्टी १९५१ साली सुरू झाली. भट्टीत न्यूट्रॉन कसे फिरतील, किती शोषले जातील, याचा हिशोब आधी लावावा लागतो. नेहमीची पद्धत अशी की समीकरण सुटेल इतपत खरी परिस्थिती सोपी करून घ्यायची. न्यूगोरला ही सोपी केलेली गृहीतकं पटेनात. उत्तर मिळतं, पण ते खऱ्या भट्टीचं असतं का?

त्यानं दुसरा रस्ता धरला. त्याचं नाव माँटे कार्लो पद्धत. म्हणजे काय, तर एका न्यूट्रॉनचा प्रवास घ्यायचा, प्रत्येक वळणावर जणू फासे टाकायचे आणि पडेल त्या दानाप्रमाणे त्याला पुढं न्यायचं. मग दुसरा न्यूट्रॉन, मग तिसरा. असे पुष्कळ प्रवास खेळून झाले की सरासरी चित्र समोर येतं. आज हे काम कॉम्प्युटर चुटकीसरशी करतो. त्या वेळी नॉर्वेत हे हिशोब हातानं केले गेले.

१९५६ साली त्यानं ओस्लो विद्यापीठातून गणिताची मास्टर्स पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता माँटे कार्लो पद्धतीमागचा सिद्धांत.

इथं त्याला एक सवय लागली, जी शेवटपर्यंत सुटली नाही. गुंतागुंत असेल तर ती कापून टाकायची नाही. ती आहे तशी मांडायची आणि चालवून बघायची.

रांगेचं कोडं

१९५२ पासून न्यूगोर ऑपरेशनल रिसर्चकडं वळला. नाव जड आहे, पण विषय ओळखीचा आहे. बंदरात जहाजं येतात, क्रेन ठरावीक असतात, कोण किती वेळ थांबेल? कारखान्यात एका मशिनपुढं माल तुंबतो, दुसरं रिकामं बसतं, मग काय बदलायचं? बँकेच्या काउंटरपुढं आपण रोज उभे असतो तीच रांग, फक्त मोठ्या प्रमाणावर. नॉर्वेत या विषयाची संघटना उभी राहिली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष न्यूगोरच होता.

काम करताना त्याला एक अडचण सारखी जाणवायची. रांगांची, कारखान्यांची, बंदरांची वर्णनं करायला नेमकी भाषाच नव्हती. अभियंता एका शब्दांत बोलायचा, व्यवस्थापक दुसऱ्या, आणि कॉम्प्युटरला दोन्ही कळायचं नाही.

१९६० मध्ये तो नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरला आला आणि त्याच्या डोक्यात एक भाषा घोळू लागली. तिचे दोन उपयोग असायला हवे होते. माणसांना त्या भाषेत एखादी व्यवस्था समजून घेता आणि समजावून सांगता आली पाहिजे. आणि तेच वर्णन कॉम्प्युटरला दिलं की ती व्यवस्था आत चालू झाली पाहिजे. या भाषेचं नाव ठरलं सिम्युला.

न्यूगोरकडं कल्पना होती, पण ती प्रोग्रॅमिंगच्या साच्यात बसवणारा माणूस हवा होता. तो त्याच्या जुन्या ओळखीतच सापडला. ओले-योहान डाल हा संरक्षण संस्थेतला त्याचा सहकारी, प्रोग्रॅमिंगमध्ये पक्का. १९६२ पासून दोघं या कामाला लागले आणि १९६३ साली डालही कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये दाखल झाला.

आजूबाजूच्या लोकांना काय वाटत होतं? कुणी म्हणायचं, अशा भाषेचा उपयोगच नाही. कुणी म्हणायचं, उपयोग आहे पण हे आधीच कुणीतरी करून ठेवलंय. कुणाला कल्पना कच्ची वाटायची, तर कुणाला खात्री होती की या दोघांच्यानं हे पुरं होणार नाही. आणि सगळ्यात वरचढ आक्षेप असा की, असली कामं पैसेवाल्या मोठ्या देशांनी करायची, छोट्याशा नॉर्वेनं या भानगडीत पडू नये.

माल बघायला गेला आणि स्वतःचाच विकून आला

१९६२ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या युनिव्हॅक कंपनीनं आपला नवा कॉम्प्युटर, युनिव्हॅक ११०७, दाखवायला संभाव्य गिऱ्हाइकांचा दौरा काढला. त्यात न्यूगोरलाही बोलावणं आलं. कंपनीचा हिशोब सरळ होता, पाहुण्यांना मशिन दाखवायचं आणि ऑर्डर मिळवायची.

न्यूगोर गेला, मशिन पाहिलं आणि उलट कंपनीलाच सिम्युला विकायला लागला. तुमच्या कॉम्प्युटरवर चालणारी ही भाषा आम्ही बनवून देतो, असा त्याचा प्रस्ताव होता. युनिव्हॅकच्या सॉफ्टवेअर विभागाचा प्रमुख बॉब बीमर याला ती कल्पना आवडली. शेवटी व्यवहार असा ठरला की नॉर्वेला घसघशीत सवलतीत ११०७ मिळेल आणि त्या बदल्यात सेंटर सिम्युला तयार करून देईल. १९६३ च्या ऑगस्टमध्ये ते अवजड मशिन ओस्लोत पोहोचलं.

आता भाषा खरंच बनवणं भाग होतं.

मुकाट उभं राहणारं गिऱ्हाईक बोलतं झालं

सिम्युलाच्या पहिल्या आराखड्यात जग दोन भागांत वाटलेलं होतं. एका बाजूला स्टेशनं, म्हणजे काउंटर, मशिन, धक्के. ती काम करणार. दुसऱ्या बाजूला गिऱ्हाइकं. ती मुकाट एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर ढकलली जाणार. त्यांना स्वतःचं काही करता येत नव्हतं.

खरी उदाहरणं मांडायला घेतल्यावर हे जमेना. कधी काउंटर जागचा हलत नाही आणि सगळी हालचाल गिऱ्हाईकच करतं. एकच गोष्ट कधी काम करणारी वाटते, कधी काम करून घेणारी. मग कुणाला कुठल्या रकान्यात टाकायचं?

१९६४ च्या फेब्रुवारीत दोघांनी ही वाटणीच मोडून टाकली. स्टेशन आणि गिऱ्हाईक असा भेद नको. प्रत्येक वस्तूकडं स्वतःची माहिती असेल आणि स्वतः वागण्याची पद्धतही असेल. ती काम करेल, थांबेल, दुसऱ्याला जागं करेल, पुन्हा कामाला लागेल. याला त्यांनी प्रोसेस म्हटलं. १९६५ सुरू होईपर्यंत ही भाषा युनिव्हॅकवर चालू लागली.

यात वेळेची रचनाही लक्षात ठेवण्यासारखी होती. समजा बँकेत दहा वाजता एक माणूस काउंटरवर आला आणि पुढचा सव्वादहाला येणार आहे. मधली पंधरा मिनिटं काहीच घडणार नसेल तर कॉम्प्युटरनं ती मोजत बसायची गरज नाही. सिम्युला पुढं घडणाऱ्या घटनांची वेळेनुसार यादी ठेवायची आणि घड्याळ थेट पुढच्या घटनेवर न्यायची. घटना घडली की त्या वस्तूला जागं करायचं, तिचं काम झालं की पुढची घटना.

आज फोनमधलं ॲप साधारण असंच वागतं. तुम्ही काही करत नसता तेव्हा ते वाट बघत असतं. टॅप झाला, मेसेज आला, बॅटरी कमी झाली की ती घटना रांगेत लागते आणि संबंधित वस्तूला जाग येते. फरक एवढाच की सिम्युलात घटना आतल्या नकली जगात घडायच्या, ॲपमध्ये त्या बाहेरून, तुमच्या बोटातून येतात.

टोलनाका, ट्रक आणि बस

पहिली सिम्युला चालली, पण दोघांचं समाधान झालं नाही. त्यांच्या चर्चा म्हणजे भांडणंच असायची. १९६७ सालचा एक किस्सा पुढं बराच सांगितला गेला. सेंटरमध्ये नवीन आलेली एक व्यक्ती घाबरून टेलिफोन ऑपरेटरकडं गेली आणि वरच्या मजल्यावर फळ्यापुढं दोन माणसांची जोरदार मारामारी चाललीय, असं सांगू लागली. ऑपरेटरनं बाहेर येऊन क्षणभर कानोसा घेतला आणि निवांत व्हायला सांगितलं. ती मारामारी नव्हती, डाल आणि न्यूगोर सिम्युलावर बोलत होते.

त्यांना अडवणारं कोडं तसं साधं होतं. एका पुलावर टोलनाका आहे. रांगेत ट्रक आहेत आणि बसही. ट्रकमध्ये माल असतो, बसमध्ये प्रवासी. दोन्ही वेगळे. पण रांगेत उभं राहणं, टोल भरणं, पुढं सरकणं हे दोघांचं सारखंच. मग ते दोनदा लिहायचं कशाला?

१९६६ च्या डिसेंबरमध्ये उत्तर सापडलं. आधी वाहन नावाचा एक साचा बनवायचा. रांगेत उभं राहण्याचं सगळं त्यात लिहायचं. मग त्याच साच्यावर ट्रकचा साचा आणि बसचा साचा चढवायचा, आणि जेवढं वेगळं आहे तेवढंच नव्यानं लिहायचं. साच्याला त्यांनी क्लास म्हटलं, त्यातून निघणाऱ्या वस्तूला ऑब्जेक्ट आणि वरच्या साच्याला सबक्लास. पुढच्या मे महिन्यात ओस्लोजवळच्या लुसेबू इथल्या परिषदेत ही सिम्युला ६७ जगासमोर आली.

इंजिनिअरिंगच्या किंवा बीसीएच्या ज्या पोरांनी क्लास, ऑब्जेक्ट आणि इनहेरिटन्स पाठ करून पेपर दिलाय, त्यांचा तो धडा या टोलनाक्यावरून आलाय.

ऐंशी फूट कागदावर रांगणारी पोरं

नॉर्वेची भाषा जगात पोहोचली कशी, याचीही मजा आहे. १९६६ साली ॲलन के नावाचा तरुण अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात शिकायला आला. त्याला एक काम मिळालं, एक प्रोग्रॅमिंग भाषा युनिव्हॅकवर चालवून दाखवायची. सोबतचे कागद वाचले तर भाषा इंग्रजी, पण वळण नॉर्वेजियन. काही केल्या अर्थ लागेना. शेवटी त्यानं आणि एका सोबत्यानं प्रोग्रॅमची ऐंशी फुटांची छापील गुंडाळी कॉरिडॉरमध्ये अंथरली आणि त्यावर रांगत, ओरडून एकमेकांना शोध सांगत ती वाचून काढली. ती सिम्युला होती.

के यानं जीवशास्त्र शिकलेलं होतं. त्याला या वस्तू शरीरातल्या पेशींसारख्या दिसल्या. प्रत्येक पेशी आपल्यात पूर्ण आणि एकमेकींशी व्यवहार फक्त निरोपांनी. यातून झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात १९७२ पासून स्मॉलटॉक ही भाषा उभी राहिली. खिडक्या, मेन्यू आणि माऊस असलेला स्क्रीन तिथंच आकाराला आला. स्मॉलटॉकमध्ये एक साधी सोय होती. एखाद्या ऑब्जेक्टकडं इतर ऑब्जेक्ट नाव नोंदवून ठेवायचे. तो बदलला की फक्त मी बदललो एवढं सांगायचा, मग ज्यानं त्यानं आपलं बघायचं. तीच आपली कुकरची शिट्टी.

नॉर्वेचं नातं इथंही सुटलं नाही. १९७८-७९ मध्ये ओस्लोहून त्रिग्वे रेन्सकौग हा संशोधक झेरॉक्सच्या त्या केंद्रात गेला आणि त्यानं माहिती, तिचं स्क्रीनवरचं रूप आणि वापरणाऱ्याच्या आज्ञा या तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची रचना मांडली. एमव्हीसी या नावानं ती आजही वापरात आहे. दुसरीकडं बियार्ने स्ट्रॉस्ट्रुप या डॅनिश माणसानं केंब्रिजमध्ये पीएचडी करताना सिम्युला वापरली होती. तिचे क्लास त्यानं १९७९ पासून सी भाषेत आणायला घेतले, त्याची पुढं सी प्लस प्लस झाली.

आणि मग त्याच सी प्लस प्लसमध्ये नॉर्वेच्या दोन तरुणांनी, होवार्ड नूर आणि आयरिक शांबे-एंग यांनी, क्यूट नावाचं टूलकिट लिहिलं. टूलकिट म्हणजे बटणं, याद्या, खिडक्या यांचे तयार सुटे भाग. त्यांची ट्रोलटेक कंपनी १९९४ ची आणि क्यूट लोकांसमोर आलं १९९५ मध्ये. त्यात बटणानं द्यायच्या खबरेला सिग्नल म्हणतात आणि ती ऐकून करायच्या कामाला स्लॉट. कुठला सिग्नल कुठल्या स्लॉटला जोडायचा, हे बाहेरून एका ओळीत ठरवायचं. एक सिग्नल दहा जणांना जोडा किंवा कुणालाच नको, बटणाला फरक पडत नाही. तुम्ही कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये पिक्चर बघत असाल तर त्याची बटणं बहुधा क्यूटनंच बनवलेली आहेत.

न्यूगोरनं माऊसचं बटण बनवलं नव्हतं. पण प्रत्येक वस्तूला स्वतःचं अस्तित्व देण्याची जी कल्पना त्यानं डालसोबत मांडली, तिच्यावरच हे मजले चढले.

आपलंच हत्यार कुणाच्या हातात?

आता गोष्ट वळण घेते.

सिम्युला कारखान्यांच्या कामाला यायला लागली होती. कामाची आखणी कशी करायची, कुठं वेळ वाया जातो, कुठली जागा कमी करता येते, हे सगळं आता मॉडेलमध्ये चालवून बघता यायचं. न्यूगोर स्वतः याच विषयातला. त्यामुळं हे आकडे शेवटी कुठं जाऊन लागतात हे त्याला दिसत होतं. मॉडेलमधली एक ओळ बदलली की कुणाची तरी पाळी, कुणाचा तरी वेग, कुणाची तरी नोकरी बदलत होती.

आणि ज्याचं आयुष्य बदलत होतं, त्याला त्या मॉडेलबद्दल विचारलं जात नव्हतं. व्यवस्थापनाकडं तज्ज्ञ होते, कॉम्प्युटर होता, सिम्युला होती. कामगाराकडं काहीच नव्हतं. १९६४ मध्ये न्यूगोर आणि डालनं ज्या मुकाट गिऱ्हाइकाला प्रोग्रॅममधून हद्दपार केलं होतं, ते कारखान्यात माणसाच्या रूपात तसंच उभं होतं.

न्यूगोरनं ठरवलं की आता आपण दुसऱ्या बाजूला बसायचं. १९७१ ते १९७३ या काळात त्यानं नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगार संघटनेसोबत एक प्रकल्प चालवला. कॉम्प्युटरवर आधारित नियोजन म्हणजे काय, त्यानं कामावर काय परिणाम होतो आणि संघटनेनं काय मागावं, हे शोधायचं होतं.

सुरुवातीला योजना नेहमीचीच होती. तज्ज्ञ जाणार, पाहणी करणार, अहवाल लिहून संघटनेला देणार. थोड्याच काळात लक्षात आलं की असा अहवाल कपाटात जाणार. कामगार पुन्हा ऐकणाऱ्याच्या भूमिकेत आणि ठरवणारा पुन्हा तज्ज्ञ, मग तो आपल्या बाजूचा का असेना.

म्हणून त्यांनी निकाल या शब्दाचाच अर्थ बदलला. कागदावर काय लिहिलं हा निकाल नाही. स्थानिक कामगारांनी स्वतः अभ्यास करून, स्वतः ठरवून जी कृती केली तो निकाल. कारखान्यांमध्ये कामगारांचे गट बसले, आपल्याकडं कुठली यंत्रणा आहे, कुठली येणार आहे आणि आपल्याला काय हवंय यावर त्यांनी काम केलं. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक तयार झालं, अभ्यासवर्ग झाले.

यातून नॉर्वेत डेटा करार आले. नवी कॉम्प्युटर यंत्रणा आणायची असेल तर कामगारांना आधी, समजेल अशा भाषेत माहिती द्यायची आणि त्यांचं म्हणणं विचारात घ्यायचं, असं त्यात होतं. संघटनेकडून या विषयाचा खास प्रतिनिधी नेमला जायचा. १९७५ साली कामगार महासंघ आणि मालकांची संघटना यांच्यात देशपातळीवर असा करार झाला. १९७७ च्या कामगार कायद्यातही नियोजनाच्या यंत्रणा बनवताना कामगारांच्या सहभागाची तरतूद आली.

हे वारं शेजारच्या स्वीडन आणि डेन्मार्कमध्येही पोहोचलं. जो यंत्रणा वापरणार आहे त्याला ती बनवताना सोबत घ्यायचं, ही पद्धत जगभर स्कँडिनेव्हियन पद्धत म्हणून ओळखली जाऊ लागली. आज ॲप बनवणाऱ्या कंपन्या वापरणाऱ्यांना बोलावून, त्यांच्या हातात नमुना देऊन, त्यांना काय अडतं ते बघतात. त्यामागं इतर कारणंही आहेत, पण एक धागा या कारखान्यांमधून आलाय.

देश नाही म्हणाला

न्यूगोर गप्प बसणारा माणूसच नव्हता. त्यानं राजकारण केलं, आधी लिबरल पक्षात, मग लेबर पक्षात. निसर्ग वाचवणाऱ्या संघटनेत काम केलं. दारूच्या आहारी जाऊन समाजाबाहेर फेकल्या गेलेल्या लोकांना माणसासारखं जगता यावं, यासाठीच्या प्रयोगातही तो होता. १९७७ पासून तो ओस्लो विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि डेन्मार्कमधल्या सहकाऱ्यांसोबत बीटा नावाची नवी भाषाही बनवत राहिला.

नॉर्वेच्या सर्वसामान्य माणसाला तो कळला मात्र वेगळ्याच कारणानं. १९९० मध्ये नॉर्वेनं युरोपीय संघात जावं का, हा वाद पुन्हा पेटला. सरकार आणि मोठे उद्योग जाण्याच्या बाजूनं होते. विरोधातल्या लोकांची जी संघटना उभी राहिली, तिचं नाव होतं युरोपीय संघाला नकार, आणि तिचा नेता होता क्रिस्टन न्यूगोर. निर्णय लोकांपासून लांब जाऊ नयेत, हा या चळवळीचा गाभा होता. मच्छीमार, शेतकरी, कामगार, विद्यार्थी असे एक लाखाहून जास्त सभासद तिला मिळाले.

२८ नोव्हेंबर १९९४ ला सार्वमत झालं. ५२.२ टक्के लोकांनी नकार दिला. नॉर्वे आजही युरोपीय संघाचा सदस्य नाही. तो निर्णय बरोबर की चूक, यावर नॉर्वेत अजून वाद होतात. पण एका प्रोग्रॅमिंग भाषेच्या जनकानं देशाच्या एवढ्या मोठ्या निर्णयाचं नेतृत्व केल्याचं उदाहरण सहसा सापडत नाही.

हॉटेलातला वेटर आणि शेवटचं वर्ष

आयुष्याच्या शेवटच्या काळात न्यूगोर पुन्हा शिकवण्याकडं वळला. नवख्या पोरांना ऑब्जेक्ट कसे समजवायचे? त्याचं आवडतं उदाहरण हॉटेलचं होतं. वेटर आहे, आचारी आहे, गिऱ्हाईक आहे, कॅशियर आहे. कुणीही दुसऱ्याच्या डोक्यात शिरत नाही. ऑर्डर जाते, ताट येतं, बिल येतं आणि हॉटेल चालतं. सुरुवातीलाच पोरांना असं भरलेलं, गजबजलेलं उदाहरण द्यावं, असं त्याचं मत होतं. अणुभट्टीच्या वेळची सवय पन्नास वर्षांनंतरही तशीच होती, गुंतागुंत कापायची नाही.

मानसन्मान उशिरा आले, पण एकदम आले. २००० मध्ये नॉर्वेच्या राजानं त्याला आणि डालला सेंट ओलाव्ह हा सन्मान दिला. संगणकशास्त्राचं नोबेल समजला जाणारा २००१ सालचा ट्युरिंग पुरस्कार दोघांना मिळून जाहीर झाला. सोबत जॉन फॉन नॉयमन पदकही आलं.

पण वेळ फार उरला नव्हता. २९ जून २००२ ला डाल गेला. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, १० ऑगस्ट २००२ ला, हृदयविकाराच्या झटक्यानं न्यूगोर गेला. शहात्तर पूर्ण व्हायला सतरा दिवस बाकी होते. फळ्यापुढं भांडणारी जोडी एकाच उन्हाळ्यात संपली.

आज रात्री कुणीतरी फोनवर जेवणाची ऑर्डर देईल. बटण दाबलं जाईल, सिग्नल सुटेल, हॉटेलच्या स्क्रीनवर ऑर्डर उमटेल, डिलिव्हरीवाल्याचा फोन वाजेल. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक ऑब्जेक्टला त्याच्याशी संबंधित खबर वेळेवर मिळेल. पण त्या डिलिव्हरीवाल्याला किती मिनिटं द्यायची, किती पैसे द्यायचे, कुठली ऑर्डर कुणाला, हे ठरवणाऱ्या मॉडेलबद्दल त्याला कुणी विचारलं होतं का?

न्यूगोरनं हा प्रश्न १९७१ मध्येच कारखान्यात नेऊन ठेवला होता. त्याची कल्पना आज प्रत्येकाच्या खिशात पोहोचली आहे. त्याचा प्रश्न मात्र अजून सगळीकडं पोहोचायचा आहे.